चपट्या किड्यांचा नैसर्गिक बंदोबस्त

दातांच्या डॉक्टरइतका सुखी वक्ता पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही. त्याचा श्रोता आडवा पडलेला असतो. गळ्यात फडकं, तोंडात आरसा, गालात कापूस आणि जिभेखाली थुंकी ओढणारी नळी. मुद्दा पटो न पटो, बिचाऱ्याला "आँ" यापलीकडे काही म्हणता येत नाही. आपल्या या डॉक्टरांनी तो "आँ" गेली अकरा वर्षं होकार समजूनच चालवून घेतला होता.

"माझ्या टाकीत औषधाचा एक थेंब जाणार नाही!" दाढ कोरता कोरता डॉक्टर गर्जत. "समुद्रात कोण जातं हो औषध ओतायला? कोणी नाही! तिथे ज्याला त्याला खाणारा कोणीतरी असतोच. निसर्गानं सगळा बंदोबस्त करून ठेवलाय. आपण फक्त हाताची घडी घालून बघत बसायचं. दुखतंय का?"

"आँऽऽ!"

"तेच म्हणतोय मी!"

टाकी म्हणजे दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतली, प्रवाळाची. भिंतभर लांब, कमरेइतक्या उंच चौकटीवर बसवलेली, खाऱ्या पाण्याची. आत जांभळी, हिरवी, गुलाबी प्रवाळं अशी फुललेली, की एका हातानं सुजलेला गाल धरून आलेला माणूस दुसऱ्या हातानं मोबाईल काढून फोटो घेई. या टाकीत डॉक्टरांचा जीव अडकला होता. मधलं मोठं प्रवाळ त्यांनी अंगठ्याएवढं आणलं होतं, ते आता कोबीच्या गड्ड्याएवढं झालं होतं. त्याचं वय ते येईल त्याला महिन्या-दिवसांसकट सांगत. स्वतःच्या लग्नाला किती वर्षं झाली, ते मात्र त्यांना बायकोला विचारावं लागे.

बायकोही दातांचीच डॉक्टर. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणत, जणू पदवी तिला लग्नात आहेर म्हणून मिळाली होती. दवाखान्यात खुर्ची एकच. सकाळी डॉक्टर, संध्याकाळी डॉक्टरीणबाई. संध्याकाळी पेशंटची रांग जिना उतरून रस्त्यावर जाई. सकाळी रांगेत फक्त मासे असत. बाईंना दुसरी खुर्ची हवी होती, आणि ती बसवायला जागा एकच होती, टाकीची. हा विषय जेवणाच्या टेबलावर आठवड्यातून दोनदा निघे आणि दोन्हीदा विरून जाई, कारण डॉक्टर तोंडात घास असतानाही बोलू शकत आणि बाई बोलत नसत.

तर एके सकाळी मोठ्या प्रवाळावर डॉक्टरांना ठिपके दिसले. तांबूस, गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचे, तिळाएवढे. डॉक्टरांना आनंदाचं भरतं आलं.

"नवीन प्रवाळ! आपोआप उगवलं! निसर्ग बघा, निसर्ग!"

आठवडाभर त्यांनी हे नवजात बाळ पेशंटना दाखवलं. तोंडात घालायचा छोटा आरसा टाकीत बुडवून प्रवाळाची मागची बाजूसुद्धा दाखवली. बाळानं बाळसं धरावं म्हणून टाकीतलं खाणं दुप्पट केलं. बाळानंही उपकार फेडले. तिळाचे ठिपके आठवड्यात मुठीएवढ्या पट्ट्यावर पसरले.

दवाखान्यात एक मावशी होत्या. झाडणं, अवजारं उकळणं, नंबर देणं, आणि दाढ काढताना पेशंटचे पाय धरणं, ही सगळी खाती त्यांच्याकडे. फडकं मारता मारता त्या थांबल्या.

"डॉक्टर, हे तुमचं प्रवाळ काल डाव्या बाजूला होतं ना?"

"हो. मग?"

"आज काचेवर आलंय. आणि त्याला शेपट्या आहेत. एकेकाला तीन तीन."

डॉक्टरांनी फोटो काढून मासेवाल्याला पाठवला. मासेवाला म्हणजे ज्याच्या दुकानातून टाकीतला प्रत्येक जीव आला होता तो. त्याचा लगेच फोन आला.

"अभिनंदन डॉक्टर! चपटे किडे झालेत."

"किडे? माझ्या टाकीत?"

"चांगल्या चांगल्या घरांत होतात हो. प्रवाळावर चादरीसारखे पसरतात, उजेड अडवतात, मग प्रवाळ खालच्या खाली मरतं. वाढायला त्यांना लग्नबिग्न लागत नाही. एकच मधून फाटतो आणि त्याचे दोन होतात. माझ्याकडे औषध आहे. फक्त आधी नळीनं जमतील तेवढे ओढून काढा. सगळे एकदम मेले तर त्यांचं विष पाण्यात उतरतं आणि मग टाकीत रडायलाही कोणी उरत नाही."

"औषध? शक्य नाही! माझं तत्त्व आहे."

"मग तत्त्वानं ओढा. नळी तर लागेलच."

नळी! डॉक्टरांच्या डोळ्यांत वीज चमकली. ओढायची नळी दातांच्या डॉक्टरला कोणी शिकवावी? दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर त्यांनी खुर्चीशेजारची थुंकी ओढायची नळी लांब केली, टाकीत सोडली आणि बटण दाबलं. सुर्रऽऽ! किडे असे गेले, की काल तिथे होते असं कोणी शपथेवर सांगितलं नसतं. तीन दुपारी डॉक्टरांनी हा पराक्रम केला. दरवेळी नळीचं टोक बदललं, हात साबणानं धुतले. स्वच्छतेच्या बाबतीत माणूस चोख! फक्त नळीचं दुसरं टोक कुठे जातं, एवढा एक विचार त्यांनी केला नाही.

ते जात होतं कोपऱ्यातल्या यंत्राच्या गाळणीत. चौथ्या संध्याकाळी बाईंच्या खुर्चीवर एक विमा एजंट होता. दात उघडा, तोंड पाण्यानं काठोकाठ भरलेलं, आणि यंत्र म्हणालं, "गुळ्ळ… खर्रर्र… फुस्स." बंद! एजंटाला गिळता येईना, थुंकता येईना. तो हातवारे करू लागला. बाईंनी त्याला बेसिनकडे वळवलं आणि गाळणीचं झाकण उघडलं. आत मिठाची पांढरी खपली जमली होती आणि तिच्यावर तांबूस, ओला, हलणारा थर.

एजंटानं मान वाकडी करून पाहिलं. त्याचा चेहरा खडूसारखा झाला.

"बाई, तुम्ही दाताला कीड लागलीय म्हणाला होतात… पण एवढी?"

"अहो, ती तुमची नाही!"

"माझ्याच तोंडात नळी होती! जिवंत आहेत हो! चालतायत!"

गळ्यातल्या फडक्यासकट तो जो उठला तो रांगेच्या पायांवरून जिना उतरला. "पसाभर निघाले! जिवंत!" ही त्याची आरोळी चौकापर्यंत ऐकू गेली. रांगेतली अर्धी माणसं त्याच्या मागोमाग पळाली. पण जगाचा न्याय बघा. दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट! या बाई म्हणे दातातली कीड जिवंत पकडतात, असा गावभर बोलबाला झाला होता. तीन म्हाताऱ्या तर कीड घरी न्यायला डब्या घेऊन आल्या होत्या.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नसत, त्यामुळे डॉक्टरांना जास्त भीती वाटे.

"दीड महिना," त्या म्हणाल्या. "आजपासून दीड महिन्यानं मी टाकी तपासणार. एकही किडा दिसला नाही, तर टाकी राहील आणि खुर्चीचं नाव मी जन्मात काढणार नाही. एक जरी दिसला, तरी टाकी त्याच दिवशी बाहेर. आणि माझ्या यंत्राला हात लावायचा नाही."

"कबूल! आणि बघच, नैसर्गिक मार्गानं!"

"मार्ग तुमचा. तारीख माझी."

मासेवाल्यानं पहिला नैसर्गिक मार्ग पिशवीत घालून दिला. बोटाएवढा, जांभळ्या अंगावर सहा केशरी रेघा ओढलेला तल्लख मासा. "किडे हुडकून हुडकून खातो," मासेवाला म्हणाला. टाकीत सोडल्याबरोबर त्यानं सगळ्या घरादारासमोर एक किडा उचलला. चावला. गिळला. टाळ्या पडल्या. रेघा, रुबाब आणि इकडून तिकडे फिरत नजर टाकायची ढब पाहून मावशींनी त्याचं नाव ठेवलं, इन्स्पेक्टर.

नाव ठेवायला नको होतं. माणसाला असो की माशाला, हुद्दा मिळाला की हात जड होतात.

वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या आई राहत. त्यांच्या घरातून आजवर कोणी उपाशी गेलं नव्हतं, आणि वेळेवरही गेलं नव्हतं. सकाळी त्या खाली आल्या.

"अरे, हा नवीन कोण? किती वाळलाय!"

"आई, त्याला काही घालू नकोस. तो कामावर आहे."

"कामावर आहे म्हणून काय उपाशीपोटी राबायचं? तू कॉलेजात असताना मी तुला उपाशी पाठवलं होतं का?"

म्हणून सकाळी आईंनी कोळंबीचे दोन तुकडे घातले. आईंनी घातले हे माहीत नसल्यामुळे दहा वाजता मावशींनी घातले. मावशींनी घातले हे माहीत नसल्यामुळे दुपारी स्वतः डॉक्टरांनी एक घातला, फक्त एक, कारण इन्स्पेक्टर काचेशी येऊन त्यांच्याकडे असा काही बघत होता, की मालक, आपलं माणूस समजून काहीतरी बघा. संध्याकाळच्या रांगेतल्या पोराबाळांनी बिस्किटाचा चुरा सोडला तो वेगळाच. तीन आठवड्यांत इन्स्पेक्टरच्या रेघा मधे फाकल्या. किडा नाकासमोरून गेला तरी तो मान फिरवी. लहान माशांना मात्र कोपऱ्यात दामटून ठेवी, आणि कोणी खाण्याचा डबा उघडला की सर्वांत पुढे! उरलेलं अन्न तळाशी कुजलं, त्यावर किडे पोसले. इन्स्पेक्टर येण्यापूर्वी किडे प्रवाळावर आणि फार तर एका काचेवर होते. आता ते इन्स्पेक्टरच्या नेमणुकीची हद्द सोडून काचांवर, दगडांवर, पंपावर, सगळीकडे झाले.

"खातोय ना तुमचा मासा?" बाईंनी एकदा जाता जाता विचारलं.

"उत्तम खातोय," डॉक्टर म्हणाले. त्यात शब्दानंही खोटं नव्हतं.

अठरा दिवस उरले तेव्हा डॉक्टर पुन्हा मासेवाल्याच्या काउंटरवर कपाळ टेकून उभे होते.

"हा खाऊ मासा होता! मला न खाणारा द्या!"

"न खाणारा मासा किडे कसा खाईल?"

"म्हणजे किडे सोडून दुसरं काही न खाणारा!"

मासेवाल्यानं आवाज खाली आणला. "मासा नाही, पण एक बाई आहेत." आणि आतून त्यानं एक पिशवी आणली. पाण्यात मखमलीचा तुकडा तरंगावा तशी, काळ्या अंगावर विजेसारख्या निळ्या रेघा असलेली समुद्रातली गोगलगाय. कवच नाही, शिंगं नाहीत, दिसायला जणू दागिन्याच्या डबीचं अस्तर. "ही फक्त चपटे किडे खाते. दुसरं काही नाही. मेली तरी नाही."

डॉक्टरांनी तिला घरी आणलं, पंपांच्या तोंडांना दवाखान्यातली जाळीची पट्टी बांधली, म्हणजे नाजूक जीव ओढला जायला नको. आणि काय सांगावं! गोगलगायबाई हळूहळू निघाल्या त्या किड्यांची चादर गुंडाळतच निघाल्या. जिथून गेल्या तिथे मागे लख्ख जांभळं प्रवाळ! आईंनी कोळंबी पुढे धरली. गोगलगायबाईंनी वळसा घातला. मावशींनी पालकाचं पान बुडवून पाहिलं. ढुंकून पाहिलं नाही. इन्स्पेक्टरनं एकदा जवळ येऊन हुंगलं, आणि प्रामाणिक माणूस भेटल्यावर त्याच्या जातीचे जसे पांगतात तसा तो पांगला.

"या घरात इतकी वर्षं काढली," आई हरखून म्हणाल्या, "पण नाही म्हणणारी ही पहिलीच."

आठ दिवसांत टाकी साफ. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी आरसा घालून फट न् फट तपासली. किडा औषधाला उरला नव्हता. डॉक्टरांनी लगेच खाऱ्या पाण्याच्या टाकीवाल्यांच्या मोबाईल ग्रुपवर छाती फुगवून लिहिलं: "नैसर्गिक मार्गाने संपूर्ण किडामुक्त! ज्यांच्याकडे किडे असतील त्यांनी माझ्याकडून शिकावं." ग्रुपवरच्या सर्वांनी अभिनंदनाचे हात जोडले आणि प्रत्येकानं जाता जाता लिहिलं, आमच्याकडे किडे कधी झालेच नाहीत.

अकराव्या दिवशी गोगलगाय काचेवर एका जागी बसून राहिली. बाराव्या दिवशी ती आखडल्यासारखी दिसली. तेराव्या दिवशी आई डोळ्यांना पदर लावून खाली आल्या.

"अरे, पोर उपाशी आहे रे! अख्ख्या टाकीत तिच्यापुरताही घास ठेवला नाहीस?"

"आई, तेच तर आपलं ध्येय होतं!"

"कामापुरतं आणायचं आणि काम झालं की मारायचं? हा तुझा निसर्ग?"

अकरा वर्षांत प्रथमच त्यांच्यासमोरचा माणूस उभा राहून बोलत होता. शिवाय त्या मखमलीच्या तुकड्यावर त्यांचाही जीव जडला होता. तिनं त्यांची टाकी वाचवली होती आणि ती त्यांच्याच डोळ्यांदेखत वाळत होती. बरं, टाकीत किडे सोडावेत तर तारीख पाच दिवसांवर! ज्याच्याकडे किडे आहेत अशा कुणाकडे तिला पाहुणी म्हणून ठेवावं, नाहीतर त्याच्याकडून किडे आणून तिला वाटीत वेगळं जेवू घालावं. पण किडे आहेत कोणाकडे?

आधी गेले ग्रुपवरच्या वकिलांकडे. सकाळचे अकरा वाजले होते आणि वकिलांच्या टाकीवर चादर पांघरलेली होती.

"मासे झोपलेत," वकील दारातूनच म्हणाले.

"आता?"

"रात्रपाळी केली त्यांनी. काय काम होतं?"

"थोडे चपटे किडे हवे होते. असतील तर…"

"डॉक्टर!" वकिलांनी आजूबाजूला पाहिलं. "शेजारी ऐकतायत! आमच्या सात पिढ्यांत कोणाला असलं काही झालेलं नाही!"

"अहो, पाच-पन्नासच…"

"अब्रुनुकसानीचा दावा माहीत आहे ना? मी स्वतः लावतो, बाहेर जावं लागत नाही!"

तिथून ग्रुपवरच्याच निवृत्त हेडमास्तरांकडे. हेडमास्तरांनी पाणी दिलं, बसवलं, पण स्वतः टाकीला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या कोपराखालून काचेवरचा एक तांबूस ठिपका सावकाश वर चढत होता.

"सर, तो बघा! तुमच्या कोपरापाशी!"

"ती सावली आहे."

"सावलीला तीन शेपट्या आहेत, सर."

"सावलीला किती शेपट्या असाव्यात ते मी बत्तीस वर्षं शिकवलंय," हेडमास्तर म्हणाले आणि पडदा ओढला.

शेवटी डॉक्टर मासेवाल्याच्या दारात आले. यावेळी त्यांनी कपाळ टेकलं नाही, सरळ काउंटरवर बसकणच मारली.

"किडे द्या. हात जोडतो. जगात कोणाकडेच नाहीत!"

मासेवाला हसला नाही. त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं, डॉक्टरांना मागच्या खोलीत नेलं आणि विक्रीच्या प्रवाळांच्या टाकीवरचं फडकं बाजूला केलं. आत गालिचा पसरला होता. तांबूस. चालता-बोलता.

डॉक्टर बघत राहिले. मग हळूच त्यांच्या डोक्यात दिवा लागला. "म्हणजे… माझ्याकडे आले ते…"

"हवे तेवढे न्या, डॉक्टर," मासेवाला मायेनं म्हणाला. "तुम्ही घरचे. आधी प्रवाळ नेलंत, मग मासा, मग गोगलगाय. आता किडेही आमचेच न्या. एका दुकानातून सगळं घेतलं की कटकट नसते."

तर किडे आले. दवाखान्याच्या मागे एक अंधारी खोली होती, पेशंटच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ठेवायची. तिथे फळीवर, पांढऱ्या जबड्यांच्या मधे, डॉक्टरांनी काचेची बरणी ठेवली आणि वर एक टेबललॅम्प लावला. गोगलगायीला रोज वाटीत काढून जेवू घालू लागले. ती पुन्हा मखमलीसारखी झाली. पण उद्याचं काय? बरणीतले संपले की परत मासेवाला! म्हणून दोन बरण्या झाल्या. मग चार. किड्यांना पुरेसा उजेड हवा, पाणी बदलायला हवं, कोळंबीचा चुरा बारीक करून हवा. आई वेळा सांभाळत. मावशी पाणी बदलत. डॉक्टर सकाळी खुर्चीवरच्या पेशंटला "पाच मिनिटं, तोंड उघडंच ठेवा" असं सांगून आत जात ते पाऊण तासानं येत. प्रत्येक बरणीवर त्यांनी चिठ्ठी लावली: "अशक्त", "बरे आहेत", "यांना गर्दी होते".

आणि तारीख उगवली.

बाईंनी खुर्ची बसवणाऱ्या कारागिराला सकाळीच बोलावून ठेवलं होतं. नवी खुर्ची खाली टेम्पोत उभी होती. कारागीर टाकीसमोर टेप उलगडून वाट बघत होता. बाईंनी हातमोजे घातले, कपाळावर दिवा बांधला, आरसा घेतला आणि टाकी तपासली, तोंड तपासतात तशी. वरची रांग, खालची रांग, मागचे कोपरे, फटी. अर्धा तास गेला. डॉक्टरांना घाम फुटला. इन्स्पेक्टर दगडाआड दडला.

बाई उभ्या राहिल्या. "एकही नाही."

"नाही ना?"

"नाही. शब्द म्हणजे शब्द. टाकी राहील." हातमोजे काढता काढता त्या थोडं हसल्या. "खरं सांगू? मला वाटलं नव्हतं."

झालं! डॉक्टरांना वाचा फुटली. समोर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी कारागिरालाच धरलं. "बघितलंत? औषधाचा एक थेंब नाही! निसर्गाचं चक्र आहे ते! एक येतो, दुसऱ्याला खातो, आणि शेवटी सगळं आपोआप…"

इतक्यात आई वाटी घेऊन जिना उतरल्या. "भाषण मग दे रे! तुझी ती आतली मंडळी सकाळपासून उपाशी आहेत!"

"आतली कोण?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही!" डॉक्टर दारासमोर आडवे झाले.

"अगं, साच्यांच्या खोलीतली," आई भाबडेपणानं म्हणाल्या. "एक बरणी तर काल नुसती मरगळून बसली होती."

बाईंनी डॉक्टरांना दोन बोटांनी बाजूला केलं आणि दार उघडलं. लॅम्पच्या उजेडात पांढरे जबडे ओळीनं हसत होते, आणि त्यांच्या मधे सतरा बरण्या. सतराही बरण्या तांबड्या लाल. बाईंनी एकेक चिठ्ठी वाचली. सगळ्या वाचल्या.

"अट टाकीची होती!" डॉक्टर मागून ओरडले. "बरणी म्हणजे टाकी नव्हे!"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दीड महिन्यापूर्वी घरात किती किडे होते?"

"असतील… तीन-चारशे."

"आता?"

मावशींनी अभिमानानं सांगितलं, "दोन-तीन हजारांच्या खाली नाहीत बाई! पण एकसुद्धा मरू दिला नाही आम्ही!"

"आणि यांचं सगळं करायला वेळ किती लागतो?"

आता डॉक्टरांना राहवलं नाही. कामाची कदर करणारं कोणीतरी भेटलं होतं! "अख्खी सकाळ जाते! पाणी, खाणं, गर्दी झाली की बरणी वेगळी करायची… पेशंटकडे बघायला फुरसत मिळत नाही!"

बाई कारागिराकडे वळल्या. "टेप गुंडाळा. खुर्ची परत न्या. नको आता."

डॉक्टरांचा चेहरा फुलला. टाकीही राहिली, खुर्चीही टळली!

"दुसरी कशाला?" बाई पुढे म्हणाल्या. "एकीतच भागेल. उद्यापासून सकाळीही मीच बसणार. ह्यांना वेळ कुठे आहे? मावशी, पाटीवरचं सकाळचं नाव पुसा."

मावशींनी ओलं फडकं घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळची रांगही जिना उतरून रस्त्यावर गेली. एकाही पेशंटनं जुन्या डॉक्टरांची चौकशी केली नाही. गाळणीतले किडे कोणाचे ते कळलेल्या त्या विमा एजंटानं केली, पण ती, ते आता नक्की बसत नाहीत ना, याची खात्री करून घ्यायला.

डॉक्टरांनी मनाला लावून घेतलं नाही. साच्यांच्या खोलीत एक स्टूल घेऊन ते सुखानं बसू लागले. गोगलगाय मात्र पुढे दोनच आठवडे जगली. भरल्या पोटानं, काचेवर बसल्या बसल्या गेली. तिच्या जातीचं आयुष्यच म्हणे काही महिन्यांचं असतं. हे मासेवाल्यानं सांगितलं, पण तिच्या पश्चात.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर त्याच्या काउंटरवर हजर.

"अजून एक गोगलगाय द्या. दोन असतील तर दोन द्या."

"कशाला डॉक्टर?" खुद्द मासेवाला चक्रावला. "टाकीत तर आता एक किडाही नाही!"

"टाकीत नाहीत हो," डॉक्टर काकुळतीला आले. "पण घरात तीन हजार किडे हातानं वाढवलेत, आणि त्यांना खायला कोणी नाही!"